वाळूची पिंड : समुद्र नसलेल्या जालन्यातील वाळूशिल्पाची कथा

आजच्या धाग्याचा विषय वाळूशिल्प, आणि प्रदेश जालना जिल्हा. ज्यांचा भूगोल चांगला आहे त्यांना हे जुळणे विचित्र वाटेल. जालन्याहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर सुमारे चारशे किलोमीटर वाट तुडवून सह्याद्री उतरावा लागतो. पुरीच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर महोत्सव भरतात, मांडव पडतात, कलावंत फावडी आणि पाण्याच्या झाऱ्या घेऊन वाळूचे ढीग रचतात, परीक्षक वही घेऊन हिंडतात. जालन्यात यातले काहीही नाही. तरीही या जिल्ह्यातील असंख्य घरांत वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, वाळूचे शिल्प घडते. त्याला बक्षीस नसते, घडवणारीचे नाव कोणी विचारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते पाण्यात जाते. भाद्रपद शुद्ध तृतीयेची, हरतालिकेची, वाळूची पिंड.

जगातील वाळूशिल्पाचा इतिहास लिहिणारे बहुधा अमेरिकेतील अटलांटिक सिटीपासून आरंभ करतात. तेथे १८९७ साली फिलिप मॅककॉर्ड नावाच्या माणसाने किनाऱ्यावर बुडालेली आई आणि तिचे मूल वाळूत घडवले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यापुढे नाणी टाकली. आधुनिक अर्थाने, म्हणजे पाहणाऱ्यासाठी आणि पैशासाठी केलेल्या कलेच्या अर्थाने, हा आरंभ मान्य करायला हरकत नाही. परंतु माणसाने ओली वाळू हाती घेऊन तिला अर्थ दिला, ही गोष्ट त्याहून फार जुनी आहे. आणि आपल्याकडे तिचे दुवे समुद्रापेक्षा नदीकडे अधिक जातात.

येथे एक अडचण आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. वाळूच्या मूर्तीला पुरातत्त्व नसते. याच जिल्ह्यातील भोकरदन पाहा. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत येथील दात्यांचा उल्लेख सापडतो. १९७३ साली येथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन थरांबरोबर हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. तिचे साम्य थेट इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या, ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून गाजलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ती मूर्ती दख्खनमधून, कदाचित भोकरदनमधूनच गेली असावी, असे मत त्यामुळे मांडले गेले. म्हणजे या कोरड्या जिल्ह्याचे समुद्राशी नाते होते, आणि चांगलेच दूरवरचे होते! पण हस्तिदंत टिकला, भाजलेली मृण्मयी खेळणी टिकली, मणी टिकले. त्याच केळणेच्या काठी त्या काळी कोणी वाळूत काही घडवले असेल तर ते पुढच्या पुरात गेले. म्हणून वाळूशिल्पाचा इतिहास उत्खननातून शोधता येत नाही. तो कथांतून, विधींतून आणि शब्दांतून शोधावा लागतो.

प्रथम कथा. हरतालिकेची कहाणी भविष्योत्तर पुराणाच्या नावाने सांगितली जाते आणि ‘व्रतराज’सारख्या व्रतसंग्रहांतून ती महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. हिमालयाची कन्या पार्वती उपवर होते. नारद विष्णूचे स्थळ घेऊन येतात. पिता होकार देऊन बसतो. मुलीच्या मनात दुसरेच असते. ती सखीला सांगते, आणि सखी तिला घरातून काढून अरण्यात नेते. तेथे नदीकाठी पार्वती वाळूचे लिंग करते, उपवास व जागरण करते आणि शंकराला प्रसन्न करून घेते. ‘हरतालिका’ या नावाची फोडही तीच सांगतात : ‘आलि’ म्हणजे सखी, आणि सखीने ‘हरित’ केलेली, म्हणजे पळवून नेलेली, ती हरतालिका.

ही कथा पुन्हा एकदा सावकाश वाचावी. ‘चांगला नवरा मिळावा म्हणून करायचे व्रत’ एवढाच तिचा अर्थ आपण शिल्लक ठेवला आहे. प्रत्यक्षात ही बापाने ठरवलेले, आणि तेही सर्वांगांनी उत्तम असलेले, स्थळ नाकारणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. तिला साथ देणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट आहे. व्रताचे नाव देवावरून नाही, पतीवरून नाही. सखीच्या कृतीवरून आहे. आणि घर सोडलेल्या, हाती काही नसलेल्या त्या मुलीला देव उभा करण्यासाठी जे मिळाले ते वाळू होते. पाषाण घडवायला पाथरवट लागतो, धातू ओतायला कासार लागतो, प्रतिष्ठेला पुरोहित आणि मंदिराला राजा लागतो. वाळूला ओंजळ पुरते.

हाच प्रसंग थोड्याफार फरकाने दक्षिणेत इतरत्रही भेटतो. कांचीपुरमच्या एकांबरेश्वराची कथा अशी, की पार्वतीने आम्रवृक्षाखाली वाळूचे लिंग करून तप आरंभले. नदीला पूर आला तेव्हा ते वाहून जाऊ नये म्हणून तिने त्याला कवटाळले. पंचमहाभूतांच्या पाच लिंगांपैकी हे पृथ्वीलिंग मानले जाते आणि आजही त्यावर पाण्याचा अभिषेक करीत नाहीत. रामेश्वरला हनुमंताला कैलासाहून लिंग आणण्यास उशीर झाला, तेव्हा सीतेने वाळूचे लिंग केले अशी श्रद्धा आहे. दोन्ही ठिकाणी वाळू हाताळणारी स्त्रीच आहे, हे लक्षात घ्यावे. दोन्ही ठिकाणी पुढे भव्य पाषाणमंदिरे उभी राहिली. हरतालिकेच्या वाळूवर मात्र कोणी मंदिर बांधले नाही, म्हणून ती दरवर्षी नव्याने करावी लागते. मला यात उणेपणा दिसत नाही.

मातीचे लिंग करून पूजा झाल्यावर विसर्जित करण्याच्या पार्थिवपूजनाला राजाश्रयही मिळाला. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरात मातीची छोटी लिंगे करून ती नर्मदेत सोडण्याचा लिंगार्चनाचा परिपाठ आजही चालू आहे. जालन्याशी याचा धागा असा, की अंबडवर होळकरांचा अंमल होता आणि तेथील मत्स्योदरी देवीच्या व खंडोबाच्या मंदिरांशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. (देवीची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून मत्स्योदरी. समुद्र नसलेल्या जिल्ह्याने मासा मात्र सोडलेला नाही!) काठावर दगडी घाट आणि मंदिरे बांधणाऱ्या या बाईच्या नित्यपूजेत मात्र एका दिवसात विरघळणारी माती होती.

आता ओडिशाकडे वळू, कारण समुद्रकिनाऱ्यावरील भारतीय वाळूशिल्प आपले मूळ जेथे सांगते ती कथा तेथील आहे. बलराम दास हे ओडिया रामायण लिहिणारे, पंचसखा संतकवींपैकी एक. रथयात्रेच्या वेळी ते जगन्नाथाच्या रथावर चढू गेले, तेव्हा त्यांना अपमान करून खाली उतरवण्यात आले. ते समुद्रकाठी गेले आणि त्यांनी वाळूचे रथ व मूर्ती घडवून तेथेच पूजा मांडली. आख्यायिका म्हणते, की इकडे खरे रथ जागचे हलेनात. देव वाळूतल्या रथावर जाऊन बसला होता. हा इतिहास नव्हे, आख्यायिकाच आहे. पण आख्यायिका कशासाठी सांगितली जाते हे इतिहासाने विचारायचे असते. पार्वती बापाच्या घरातून निघाली, बलराम दास रथावरून उतरवले गेले, आणि दोघांच्याही हाती वाळूच आली. ज्याला आत जागा नाही त्याच्यासाठी देव बाहेर येतो, आणि बाहेर जी असते ती वाळू.

मराठी वाचकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत ‘वाळवंट’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातून सहारा आणि थर घेऊन आला, पण संतांच्या बोलीत वाळवंट म्हणजे नदीकाठचा वाळूचा पट्टा. पंढरीचे वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे पात्र. मंदिरात कोण जाऊ शकतो याचे नियम होते. वाळवंटात कीर्तन ऐकायला, नाचायला, एकमेकांच्या पाया पडायला तसे नियम नव्हते. संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा हे जालन्याला लागूनच असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यात आहे. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर, पायरीजवळ झाली. ती पायरी ओलांडण्याचा हक्क मिळण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मधल्या सहाशे वर्षांत वाळवंट मात्र उघडे होते.

वाळवंट सर्वांना सारखेच सौम्य होते असे मात्र कोणी समजू नये. जालन्याच्या थोडे वर, गोदावरीकाठी पैठणला, संत एकनाथांची गोष्ट महिपतींनी सांगितली आहे : भर दुपारी नदीच्या तापलेल्या वाळूत एका अस्पृश्य मानलेल्या बाईचे मूल रडत पडलेले होते, आणि नाथांनी ते उचलून कडेवर घेतले. ज्या वाळूत कोणीही येऊ शकते त्या वाळूत पाय कोणाचे पोळतात, हेही त्या कथेत आहे.

कथांतून थोडे बाहेर येऊन वाळूकडे वाळू म्हणून पाहू. कोरडी वाळू ओतली तर तिचा ढीग साधारण चौतीस अंशांच्या उतारावर थांबतो. उभी भिंत होत नाही. पाणी घातले की कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी फार झाले की हे पूल बुडून जातात आणि वाळू गाऱ्यासारखी वाहू लागते. २०१२ साली अॅमस्टरडॅम येथील भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले, की आकारमानाच्या जेमतेम एक टक्का पाणी असताना वाळूचा स्तंभ सर्वांत मजबूत असतो. एक टक्का! पिंड करणारी बाई वरची कोरडी वाळू बाजूला सारून खालची दमट वाळू मुठीत दाबून पाहते, पाणी हाताला लागू नये आणि वाळू मुठीत राहावी इतपत, तेव्हा ती हेच मोजत असते. आणखी एक फरक. लाटांनी युगानुयुगे घोळवलेले कण गोलसर होतात. नदीच्या वाळूचे कण तुलनेने कोनदार असतात आणि एकमेकांत अडकून बसतात. त्यामुळे घडवण्यासाठी नदीची वाळू मुळीच कमी दर्जाची नाही, उलट पुष्कळदा सरसच ठरते. गोदावरी आणि दुधना यांची काळसर वाळू म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा चुरा आहे. समुद्राविना वाळूशिल्पाचे संग्रहालय म्हैसूरला २०१४ साली उभे राहिले, आणि कॅनडातील हॅरिसन हॉट स्प्रिंग्ज येथील जागतिक स्पर्धा तर तळ्याकाठी भरत असे.

स्पर्धांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ही बाजू वृत्तपत्रांतून सर्वांना परिचित आहे. पुरीचे सुदर्शन पटनाईक गरीब घरात वाढले, किनाऱ्यावर स्वतःच शिकले, आणि २०१४ मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचले. त्यांच्यामुळे ‘वाळूशिल्प’ हा शब्द भारतीय वृत्तपत्रांत रुळला. २०११ पासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोणार्कजवळ आंतरराष्ट्रीय वाळूकला महोत्सव भरतो, आणि त्या किनाऱ्याचे नाव आहे चंद्रभागा. कोकणातल्या पर्यटन महोत्सवांनीही हा प्रकार उचलला. स्पर्धेला मुदत असते, विषय असतो, शिल्पाला दोरीचे कुंपण असते, फोटो निघतात. मला या स्पर्धांबद्दल आकस नाही. त्यांनी कितीतरी होतकरू कलावंतांना पोट दिले. पण त्यांत वाळू हे कौशल्य दाखवण्याचे साधन आहे. पिंडीत कौशल्याला फारसा वाव नाही. तळहाताएवढी शाळुंका, मध्ये बोटभर उंचवटा, बाजूला सखी आणि पार्वती यांच्यासाठी दोन लहान ढिगल्या. सर्वांची सारखीच. हळद, कुंकू, बेल, आघाडा, सोळा प्रकारची पत्री, रात्री जागरण, सकाळी उत्तरपूजा, दहीभात आणि विसर्जन.

पिंडीसाठी लागणारी ओंजळभर वाळू आणायची कोठून, हा प्रश्न कित्येक पिढ्या पडलाच नाही. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांची दक्षिण सीमा गोदावरी आहे. जिल्ह्याच्या पोटातून दुधना जाते, उत्तरेला पूर्णा आहे, जालना शहरातून कुंडलिका. नदीची वाळू म्हणजे केवळ बांधकामाचा माल नव्हता. उन्हाळ्यात पात्रात झिरा खणला की गाळून आलेले गोड पाणी लागे. वाळवंटात टरबूज-खरबुजाच्या वाड्या होत. काठच्या विहिरींना पाणी धरून ठेवणारी ती एक मोठी गाळणी होती. पूर यायचा, जुनी वाळू न्यायचा, नवी आणून टाकायचा.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली, धरण. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडीचे लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. मराठवाड्याला त्याने पाणी दिले, यात शंका नाही. परंतु धरण पाण्याबरोबर वाळूही अडवते. पैठणच्या भिंतीमागे बसलेली वाळू शहागडला पोहोचत नाही. पुढे जोगलादेवी, लोणी सावंगी अशा ठिकाणी उच्च पातळी बंधारे झाले आणि पात्राचे मोठे भाग जलाशय झाले. दुसरी गोष्ट, काँक्रीट. चुना, माती आणि दगडाची घरे जाऊन सिमेंटची घरे आली, आणि सिमेंटला वाळू लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते. सहाराची वाळू याला चालत नाही, कारण वाऱ्याने घोळवलेले तिचे कण फार गुळगुळीत असतात. लागते ती नदीचीच, कोनदार. म्हणजे जी पिंडीला उत्तम तीच स्लॅबलाही उत्तम.

कायद्याच्या भाषेत वाळू ‘गौण खनिज’ आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार तिच्यावर शासनाचा हक्क आहे. घाटांचे लिलाव झाले, वाळू ब्रासने मोजली जाऊ लागली (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि जालना-बीडच्या बोलीत नवे शब्द रूढ झाले : पाण्याखालची वाळू ओढून काढणारी ट्रॅक्टरची ‘केनी’, थर्माकोलचे ‘तराफे’, रात्री धावणारे ‘हायवा’. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. २०२३ साली राज्याने सहाशे रुपये ब्रास दराने शासकीय डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलाव आणि कृत्रिम वाळूचा मार्ग धरला. धोरणे बदलत राहिली, पात्रातले खड्डे वाढत राहिले. वाळूची वाहने अडवणाऱ्या तलाठ्यांवर, मंडळ अधिकाऱ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. घराच्या वाळूसाठी अडलेला गरीबही यात आहे आणि केनीवर रोजाने जाणारा मजूरही यात आहे; सगळा दोष एकाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट त्यामागची आहे. या सर्व कथांत वाळू निवडली गेली ती तिला मालक नव्हता म्हणून. पार्वतीला ती कोणाला मागावी लागली नाही, बलराम दासांना त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, वाळवंटात कीर्तनाला कोणी पावती फाडली नाही. पाषाण, धातू, सोने यांना नेहमीच धनी होते. माती आणि वाळू, या दोनच वस्तू अशा होत्या की ज्यांतून कोणालाही देव करता येई. त्यांपैकी वाळूला आपल्या डोळ्यांदेखत किंमत, कुंपण आणि पहारा आला.

दरम्यान बाजाराने उत्तर काढले आहे. गणपतीच्या दुकानांत हरतालिकेच्या रंगवलेल्या मूर्ती मिळतात : पार्वती, सखी आणि मध्ये पिंड, एका पाटावर. कोठे कोठे पूजेच्या साहित्याबरोबर वाळूची छोटी पुडीही ठेवलेली असते. त्या मूर्ती सुबक असतात आणि वेळ वाचवतात. परंतु साच्यातून आलेल्या पार्वतीची पूजा करणे आणि पार्वतीने केले तेच स्वतःच्या हातांनी करणे, या दोन क्रिया वेगळ्या आहेत. कहाणीत पार्वती मूर्तिकार आहे. विकत आणलेल्या संचात ती मूर्ती झाली.

तरीही वाळूची पिंड अजून केली जाते. ज्या गावांना नदी उरली आहे तेथे पात्रातून, इतरत्र एखाद्या ओढ्यातून, आणि शहरात बहुधा शेजारी चाललेल्या बांधकामाच्या ढिगातून. त्या ढिगातली वाळू आधी चाळून घ्यावी लागते, खडे काढावे लागतात, मग दोनतीनदा धुऊन उपसून ठेवावी लागते, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती हवी तितकीच ओली राहते. चतुर्थीच्या सकाळी, गणपती यायच्या आत, पिंड हलवतात. नदी जवळ असली तर नदीत, नाहीतर घरच्या बादलीत. आणि बादलीतले पाणी निवळले की तळाची वाळू तुळशीच्या बुंध्याशी घालतात.